बाई जेवते कवा?

मी आयुष्यात एकच युद्ध लढलो, तेही कादंबरीत, आणि त्यातही हरलो.

सुलतानपूरच्या शाळेत मी मराठी आणि संस्कृत शिकवलं. निवृत्त झालो आणि वाचनालयातून एका खास जातीच्या कादंबऱ्या आणायचा नाद लागला. जुन्या अभिजात नाटक-काव्यांतली माणसं उचलायची, महायुद्धात नेऊन सोडायची आणि तोफांच्या आवाजात त्यांच्याकडून प्रेम करवून घ्यायचं. विलायती राजकन्या लष्करी इस्पितळात पट्ट्या बांधतात, तलवारबाज सरदार विमानं उडवतात, असला मामला. अनुवाद भरड होते, पण मी रवंथ करत वाचत बसे. पाच-सहा वाचून झाल्या आणि माणसाला जो रोग व्हायचा तो मला झालाच. वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल.

मग संस्कृत नाटकांत असते तसली एक नायिका मी घेतली. कमळाच्या पानांनी वारा घेणारी, विरहानं एवढी वाळलेली की मनगटात कंकण राहत नाही. तिला सुलतानपुरात आणून बसवलं. तिच्या राजाचा हवालदार केला आणि त्याला आफ्रिकेच्या वाळवंटात धाडलं. लढाईचा माझा अनुभव म्हणजे कॉलेजातला एनसीसीचा कॅम्प, आणि तिथंही मला कांदे सोलायला बसवलं होतं. त्यामुळं माझा हवालदार कधी रणगाड्यात असे, कधी घोड्यावर, आणि दोन्हीकडं कविता करी.

ऐकणारी एकच, माझी बायको. त्या वर्षी तिच्या पोटाचं दुखणं निघालं होतं. संभाजीनगरला जाऊन इंजेक्शनं घ्यायची आणि घरी येऊन पडून राहायचं. तोंडाची चव पार गेलेली. जिच्या हातचं खाऊन मी ही ढेरी कमावली, तिला पाण्याचा घोटही लोखंडासारखा लागे. डॉक्टर म्हणाले होते, काहीही करा पण खाऊ घाला, अंगात ताकद राहिली तरच पुढची इंजेक्शनं देता येतील. तर मी काय केलं? मी तिला कादंबरी वाचून दाखवली.

एका दुपारी तिनं मध्येच हात वर केला, वर्गातल्या पोरीसारखा.

"अवो, मी कवाची पाहून राह्यली. हे बाई जेवते कवा?"

"कोन?"

"तुमची नायिका. आल्यापासून नुसती खिडकीत उभी हाये. चूल तरी पेटवली का तिनं?"

"अवं, विरह आहे तिले. विरहात नायिका जेवत नसते."

"काऊन?"

याचं उत्तर संस्कृत साहित्यात नाही.

"माह्या पोटात जात नाई म्हनून मी पडली हाये इथं," ती म्हणाली. "तिचं पोट तर चांगलं हाये ना? जेवाले घाला तिले."

घातलं. पुढच्या अध्यायात नायिकेनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. बायको डोळे मिटून ऐकत होती. "भाकर कशी होती? कडक का नरम?" मला सांगता येईना. मी जन्मभर नुसती गिळली होती. मग तिनंच सांगितलं, कडा जरा उललेल्या, मधून लुसलुशीत, वाफ निघते अशी. मी मुकाट लिहून घेतलं. तेव्हापासून तिकडं तोफा धडाडत आणि इकडं अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडे. एकदा नायिका वांग्याची भाजी खात होती, तर बायको हळूच म्हणाली, "थोडी मलेही द्या." मी धावत वाटी आणली. तिनं दोन घास खाल्ले. कुठल्या लेखकाला अशी पावती मिळाली असेल? मी दिवसभर गावात छाती काढून हिंडलो.

पण मला कादंबरी थोर करायची होती. शेवटच्या अध्यायात हवालदाराला मारलं. तार येते, नायिका उंबऱ्यात, हातातली परात निसटते, पीठ सांडतं, समाप्त. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, इतका मी स्वतःवर खूश.

"पुढं वाचा," बायको म्हणाली.

"संपली."

"अशी कशी संपली? मरनावर पोथी झाकत असतेत का?"

आमच्याकडं पोथी वाचताना कुणाचं मरण आलं की तिथं थांबत नाहीत. पुढच्या अध्यायातल्या थोड्या ओव्या वाचायच्या, कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, निदान दिवस उजाडलेला, आणि मगच पोथी फडक्यात बांधायची. हे मला माहीत होतं. तरी म्हणालो, "पोथी नाही ही. शोकांतिका आहे."

"असू द्या. पन त्या बाईले आता जेवाले कोन घालन? पीठ तर तुमी सांडून ठेवलं."

"ते वाचकावर सोडायचं असतं."

"वाचक काय डबा घेऊन जानार हाये तिच्या घरी?"

"तुले नाही समजायचं," मी म्हणालो. ती भिंतीकडं तोंड करून निजली. संध्याकाळचं ताट तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशीचंही.

मी लिहायला बसलो नाही असं नाही. पण हवालदाराला जिवंत करायचं तर तार खोटी ठरवावी लागत होती, आणि ती तार मला फार आवडली होती. शब्द घासत बसलो. ती विचारी, मी सांगे, "लिहून राह्यलो, लिहून राह्यलो." तशात तिला ताप भरला. गाडी करून संभाजीनगरला निघालो. जालन्याच्या अलीकडं तिनं डोळे उघडले.

"जेवली का ते?"

"हाव, जेवली."

"काय जेवली?"

अख्खी कादंबरी रचणाऱ्या माणसाला त्या घडीला एक पदार्थ सुचला नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. पुढची इंजेक्शनं द्यायची वेळच आली नाही.

तिला स्मशानात पोचवून आलो त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. पेटवत नाहीत. शेजारच्या वहिनी बेसन-भाकर घेऊन आल्या. कडू घास म्हणतात त्याला, मरणाच्या घरी दुसऱ्याच्या चुलीवरून येतो. "भाऊजी, दोन घास खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. भाकर एका कडेला करपली होती, मधून कडक. बेसनात मीठ जास्त. सगळं मला नीट कळत होतं. मी खाल्लं. लाज सोडून दुसरी भाकरही मागून घेतली.

कादंबरी अजून टेबलावर आहे. सांडलेल्या पिठाच्या पुढं मी इतकं लिहिलंय की शेजारची बाई बेसन-भाकर घेऊन नायिकेच्या दारात येते, ताट तिच्यापुढं सरकवते, दोन घास खा म्हणते. भाकर कडक का नरम, तेही लिहिलंय. रोज दुपारी तिथवर मोठ्यानं वाचतो आणि पुढचं वाक्य लिहायला बसतो. ती ताटाला हात लावत नाही.