हमिदाने निवडून दिलेले आवाज

आमच्या खालच्या मजल्यावरची हमिदा दुधाची बाटली आणते, तारीख वाचते, झाकण उघडून वास घेते आणि मग मलाही वास घ्यायला लावते. तारीख छापणाऱ्यावर तिचा विश्वास नाही, स्वतःच्या नाकावर अर्धामुर्धा आहे आणि माझ्या नाकावर त्याहून कमी. तिचा नवरा अबूबकर अल रुवैसच्या बंदरात कारकून आहे, गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. फोनवर तो जरा गोड बोलला की ही विचारते, "काय झालंय? काय लपवतोस?" बिचारा म्हणे हल्ली मुद्दाम तुटक बोलतो. मी नाशिकची, ती रायगडातल्या म्हसळ्याची. इथे आखातात, अल हिलालच्या या इमारतीत आम्ही इतकी वर्षं एकमेकींच्या स्वयंपाकघरात बसतोय की मला तिच्या संशयाचा रागही येतो आणि तो नसला तर चुकल्यासारखंही वाटतं.

अशी बाई पोरींना काय शिकवत असेल? लोकांसमोर निर्धास्त उभं राहून बोलायला. आधी ती इथल्या एका भारतीय शाळेत होती. मग एका विद्यापीठाने तिला एकाच कोर्ससाठी घेतलं. पोरगी इंजिनिअर होणार असो की हिशेबतपासनीस, पहिल्या वर्षी सगळ्यांनाच काही सामायिक विषय घ्यावे लागतात. त्याला तिथे जनरल एज्युकेशन म्हणतात. हमिदाचा कोर्स त्यातलाच एक. कोर्स तिने स्वतः उभा केला होता, कोणाचं आयतं पुस्तक घेऊन नव्हे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलगी समोर येऊन बोलणार आणि तेच शेवटच्या आठवड्यात पुन्हा. दोन्ही वेळा मुलींच्या परवानगीने आवाज रेकॉर्ड करायचा. फक्त आवाज. मुलींचे फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही.

गेल्या वर्षी विद्यापीठाने हा सामायिक अभ्यासक्रम बदलायला घेतला. समिती बसली. प्रत्येक कोर्सने पोरींना नक्की काय येतं ते एकेका वाक्यात लिहायचं, त्या वाक्यांना लर्निंग आउटकम म्हणायचं, आणि ते खरंच येतं याचा पुरावा द्यायचा. ज्याच्याकडे पुरावा नाही, तो कोर्स सक्तीच्या यादीतून बाहेर. बाहेर म्हणजे ऐच्छिक. आणि घाबरायला लावणारा विषय आपणहून कोण निवडतं? वर्ग भरले नाहीत तर हमिदाचा करार पुढे जाणार नव्हता. हे तिने मला कणीक मळता मळता सांगितलं, आणि कणीक दगडासारखी झाली.

समितीच्या कामासाठी माणूस आला तो नेमका आपला. अनंतराव, नाशिकला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे, आता या विद्यापीठात परीक्षण-मूल्यमापन बघतात. माझ्या नवऱ्याच्या, शशिकांतच्या ओळखीचे. हळू बोलणारे, चहाला नको न म्हणणारे. मला वाटलं, बरं झालं, आपल्या भाषेत बोलता येईल. हमिदाला वाटलं ते उलटंच.

"बाहेरचा माणूस आला असता तर परवडला असता," ती म्हणाली. "आपल्यातला माणूस आपल्याला सांभाळून घेतलं असं दिसू नये म्हणून आधी आपल्यालाच कापतो. मी बघितलंय."

"कुठे बघितलंयस?"

"सगळीकडे."

तिच्या संशयाला खतपाणी घालण्यात अनंतरावांनीही कसूर केली नाही. एके दिवशी ते परवानगी काढून तिच्या वर्गात बसले. मागच्या बाकावर बसले असते तर ठीक. ते बसले पुढे, एका कोपऱ्यात, हमिदाकडे पाठ करून, मुलींकडे तोंड करून. तासभर तिच्याकडे वळून बघितलं नाही. जाताना विचारलं, "एक मुलगी बोलत असते तेव्हा बाकीच्या काय करतात?"

"म्हणजे वर्ग माझ्या हातात नाय, असंच बोलायचं होतं ना त्यांना," हमिदाने मला सुनावलं, जणू प्रश्न मीच विचारला होता. "मागे दोघी मोबाईल बघत होत्या, तेवढं बरोबर टिपलं असेल."

मग अनंतरावांचा निरोप आला: पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याची थोडी रेकॉर्डिंग पाठवा, पुरावा म्हणून. साधी मागणी. पण हमिदाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती थांबेना. तिने संध्याकाळभर बसून आवाज निवडले. पहिल्या आठवड्यातल्या अडखळणाऱ्या, रडवेल्या, गप्प राहिलेल्या मुली तिने वगळल्या. इंग्रजी शाळांतून आलेल्या, आधीच फाडफाड बोलणाऱ्या पोरी तेवढ्या ठेवल्या. शेवटच्या आठवड्यातल्याही उत्तम तेवढ्याच. आधीच्या एका वर्गातल्या नूफ नावाच्या मुलीचं फक्त शेवटचं भाषण तिने पाठवलं, पहिलं नाही. मग विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवरून बाकीचं सगळं पुसून टाकलं.

"आता काढा म्हणावं चुका," ती म्हणाली, आणि त्या रात्री तिला शांत झोप लागली असणार.

पुढच्या आठवड्यात मी अल मन्सूरातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात कढीपत्ता निवडत होते, तर शेजारी अनंतराव, हातात कोकमाचं पाकीट. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि ते घुटमळले.

"वहिनी, तुमच्या मैत्रिणीचा कोर्स जाणार असं दिसतंय," ते म्हणाले. "मला वाईट वाटतंय, म्हणून बोललो."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मी विचारलं, "का? एवढ्या छान बोलतात म्हणे मुली."

"तेच तर. पहिल्याच आठवड्यात छान बोलतात. शेवटीही छान बोलतात. मग कोर्सने केलं काय? अध्यक्ष म्हणतात, या मुलींना शिकवायची गरजच नाही. मी वर्गात बसलो होतो, मला माहीत आहे की तिथे काहीतरी घडतं. पण मी सांगून उपयोग नाही, पुरावा लागतो. त्यांच्याकडे वाईट रेकॉर्डिंग नाहीत का हो?"

मला हसू आलं आणि लगेच हमिदाचा मनस्वी राग आला. कढीपत्ता न घेताच मी घरी आले.

तिला सगळं सांगितलं तर ती माझ्याकडेच रोखून बघायला लागली. "तू त्यांना भेटलीस. दुकानात. असंच."

"असंच."

"आणि ते तुला बोलले, वाईट दाखवा. शोभा, तू त्यांच्या बाजूची कधी झालीस? मी वाईट आवाज दिले की ते उद्या समितीत वाजवणार, चार माणसं हसणार, आणि खलास."

आता मात्र मी चिडले. "हमिदा, माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर घे, मला त्याची सवय आहे. पण डोकं वापर. बुडालेलं जहाज दाखवल्याशिवाय ते वर काढलं हे कोणाला कळणार आहे? तू तुझंच काम लपवलंस आणि वर पुसूनही टाकलंस."

 ती उठली, ओट्याखालचा सुक्या जवळ्याचा डबा काढला. मी शाकाहारी माणूस, नाकाला पदर लावून मागे सरकले. डब्यात जवळ्याच्या खाली, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली हार्ड डिस्क होती.

"विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर माझा भरवसा नव्हता," ती म्हणाली. "म्हणून पुसायच्या आधी ठेवलं. यात कोणी हात घालत नाय."

आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या संशयाचे पाय धरावेसे वाटले.

आम्ही स्वयंपाकघरातच ऐकत बसलो. नूफचं पहिल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग लागलं. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही. मागे कोणीतरी खुसखुसलं, कोणाचा तरी फोन वाजला. पुन्हा काही नाही. ती शांतता इतकी लांबली की मी यंत्र बिघडलं का ते बघायला हात पुढे केला. तेवढ्यात हमिदाचा आवाज आला, इंग्रजीत, अगदी साधा: "आम्ही थांबतो." मग पुन्हा शांतता, खुसखुस कमी कमी होत गेलेली, आणि शेवटी त्या मुलीने आपलं नाव सांगितलं. फक्त नाव.

"हे मी कोणाला ऐकवणार नव्हते," हमिदा म्हणाली. "शरम वाटते गं. तिची नाय, माझी. शाळेत वक्तृत्वाला मला उभं केलं होतं. माझं तोंडच उघडेना. बाई बोलल्या, जा, बस खाली, वेळ नको घालवू. आख्खी शाळा हसली. कोणी थांबलं नाय माझ्यासाठी." तिचे डोळे भरून आले होते. मला तिची फार माया वाटली. मी तिच्या हातावर हात ठेवला.

मुलीला विचारल्याशिवाय तिचा आवाज द्यायचा नाही, हे हमिदाने लगेच ठरवलं. नूफ तोवर तिसऱ्या वर्षाला गेली होती. ती नाहीच म्हणणार अशी हमिदाची खात्री होती. नूफने एवढंच विचारलं, "तुम्ही ते ठेवलंत? का?" आणि मग म्हणाली, "वाजवा. पण माझा आवाज आहे तर मी तिथे बसणार."

समितीच्या बैठकीला मी नव्हते. हमिदाने गाडी खाली लावली, वर आली, चप्पलही न काढता सांगायला लागली.

अनंतरावांनी आधी नवीन मसुद्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं. दुसऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेता येणं, हे पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला आलं पाहिजे, असं समितीने उत्साहाने लिहून ठेवलं होतं. पण ते शिकवणारा एकही कोर्स त्यांना सापडत नव्हता. अनंतराव वर्गात मुलींकडे तोंड करून बसले होते ते यासाठी. ते हमिदाला तपासत नव्हतेच, ऐकणाऱ्यांना बघत होते.

मग रेकॉर्डिंग लावलं. खुर्ची, खुसखुस, फोन आणि ती लांबलचक शांतता. अध्यक्षांना वाटलं आवाज बंद पडला. त्यांनी घड्याळ बघितलं आणि बंद करायला हात पुढे केला.

"आणि शोभा, नूफ बसल्या जागेवरून बोलली," हमिदा सांगत होती. "मोठ्याने नाय, पण सगळ्यांना ऐकू गेलं. बोलली, 'आम्ही थांबतो.'"

अध्यक्षांनी हात मागे घेतला. टेबलाभोवतीची सगळी शिकलेली माणसं त्या पोरीचं नाव येईपर्यंत गप्प बसून राहिली. त्यानंतर नूफचं शेवटचं भाषण वाजलं. त्यात मागे ना फोन, ना खुसखुस. भाषण संपल्यावर मुलींनी विचारलेले प्रश्न तेवढे होते. कोर्स सक्तीच्या यादीत राहिला, ऐकून घेण्याच्या त्या नवीन वाक्यासकट.

"सगळे थांबले गं," हमिदा म्हणाली. "आख्खी समिती थांबली." आणि ती माझ्या दारातच, चप्पल घालून, पोरीसारखी रडली. मीही रडले, नाही कशाला म्हणू.

मग तिने तोंड धुतलं आणि मी चहा टाकला. तिने सवयीने दुधाची बाटली उचलली आणि वास घेतला.

"एक सांग," ती म्हणाली. "अनंतराव एवढे चांगले कशाला वागले असतील?"

"हमिदा."

"बरं, नाय विचारत." तिने पर्समधून हार्ड डिस्क काढून माझ्यासमोर ठेवली. "पण ही तुझ्याकडे ठेव. जवळ्याचा डबा आता त्यांना कळला असेल."

"त्यांना कोण सांगणार? तो डबा फक्त मला माहीत आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी हातातला चहाचा चमचा खाली ठेवला. मग ती हसली, पहिल्यांदाच त्या दिवशी, आणि डिस्क माझ्याकडे सरकवली.

"म्हणून तर तुझ्याकडे देते," ती म्हणाली.