हवेलीतली शाळा

आमचे मास्तर उन्हाला कंटाळून मुलांना जुन्या हवेलीत नेत, असे भालकीत आजही सांगतात. साफ खोटे! तेव्हा शाळेत उर्दूतच शिकवण्याचा सरकारी हुकूम होता आणि आम्हा शेतकऱ्यांच्या मुलांना ती उमजत नसे. हवेलीत ते मराठीत शिकवत. कमानी मोजायला लावून पाढे घेत. भिंतीपाशी कुणी बिचकला की म्हणत, "हात लाव की! कामून भ्यायलास? घर चावत न्हाई."

एकदा तपासणीचे साहेब अचानक दारात उभे राहिले. मास्तरांनी घाबरून भाषा बदलली, हेही खोटेच. नोकरी जाईल हे ठाऊक असूनही त्यांनी धडा मराठीतच पुरा केला. मग वळून अदबीने म्हणाले, "साहब, आप देर से आए. पीछे बैठिए."

साहेब मागे येऊन माझ्या शेजारी बसले.