सहा रसांचा हिशेब

दोन्ही तळहात एकमेकांवर झाडायचे, मान उडवायची आणि म्हणायचं, "सोडलं म्हंजे सोडलं!" निपाणीतल्या आमच्या शेजारणीची ही सवय. जैनांची सून, घरात अमुक पदार्थ सोडला असा नियम घेण्याची रीतच. पण हिला त्याचा नाद. नवऱ्याशी पैज लावून चहा सोडला आणि वर माझ्या गॅलरीत येऊन म्हणते, "आक्का, लई सोप्पं असतंय वो!"

मुलगी झाली आणि दुसऱ्याच महिन्यात बाळाच्या शीतून रक्त पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे, आईच्या खाण्यातून बाळाला जातंय. आईने दूध बंद करायचं, अंगावर पाजत राहायचं. बाईंनी लगेच हात झाडले! सासूबाई कुरकुरल्या, "दूध प्याल्याबिगर बाळंतिणीला दूध कुठनं येणार गं?" पण सुनेने नियम घेतलाय म्हटल्यावर त्याही गप्प. त्या घरात डॉक्टरचं एखादवेळ मोडतील, नियम नाही मोडणार.

पण रक्त काही थांबेना. पोर पाय पोटाशी घेऊन किंचाळायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर अंगावरचं बंद करू, डब्यातलं खास दूध देऊ. त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. पोर छातीशी धरलेली, डोळे भरलेले.

"आक्का, माझं दूधच वंगाळ हाय काय वो?"

मी तिच्या शेजारी बसून पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून सासूबाईंनी ताट तिथंच आणून दिलं. गरम भात, वर तुपाची धार.

"अगं, हे तूप कसं काय?"

"तूप वेगळं न्हवं का? दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ. आमच्यात हे सहा रस, एकेक वेगळा सोडायचा. मी दूध सोडलंय."

"अगं बये! डॉक्टरांच्या हिशेबात दूध, दही, तूप सगळं एकच!"

तिने ताट बाजूला सारलं. मग कपाळावर हात मारून "अय्योऽ!" करत अशी हसली, अशी रडली, की तुम्ही असता तर तुम्हीही रडला असता. ताट तसंच परत गेलं. दही गेलं, तूप गेलं. सासूबाईंनी डिंकाचे लाडू शेंगदाण्याच्या तेलात वळले, तोंड वाकडं करून, पण वळले.

आणि एका सकाळी ही गॅलरीत धावत आली, हातात दुपटं फडकवत. "आक्काऽ! पिवळी! नुसती पिवळी! रक्ताचा थेंब न्हाय!" अख्ख्या गल्लीने ऐकलं. समोरचे काका दात घासता घासता थांबले. मी आनंदाने नाचायचंच काय ते बाकी होतं.

पोरीला वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही थोडं दही खाऊन बघा. एवढी सोडण्यात पटाईत बाई, चमचा तोंडाजवळ नेऊन परत वाटीत ठेवायला लागली. "खायाचं भ्या वाटतंय वो." डोळे मिटून खाल्लं. नंतर आम्ही दोघी पोरीवर डोळा ठेवून बसायचो. काही झालं नाही. मग हळूहळू पोरीलाही चाखवलं.

गेल्या महिन्यात नवऱ्याला उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते बेळगावला गेले. गॅलरी आता खायला उठते. टेम्पो निघाला तेव्हा मी खाली उभी राहून हात हलवत होते. पोर दोन्ही मुठींनी वाटीतलं दही तोंडाला फासत होती, आणि ही वाटी धरून तिच्याकडे बघण्यात इतकी गढलेली, की मला हात करायचंही विसरली.