न सांगता वाढलेल्या वड्या

आमच्या सासूबाई मासळी खात नाहीत, हे त्यांच्या माहेरी अजून कोणाला खरं वाटत नाही. पेणच्या खाडीकडच्या मिठागरवाल्यांची ती लेक. सुका बोंबील भाजल्याचा वास आला की जेवून उठलेली ही बाई परत ताटावर बसायची! पण तीन वर्षांपूर्वी वडखळच्या पुढे माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलला टेम्पोने उडवलं. आठ दिवस तो शुद्धीवर नव्हता. दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून सासूबाई बोलल्या, "माझा पोर उठू दे, मरेपर्यंत मासळी तोंडात घेणार नाय." नवव्या दिवशी त्याने डोळे उघडले. तेव्हापासून नाही म्हणजे नाही.

मटण-अंडं त्यांना कधी आवडलंच नाही आणि दूध-दही पचत नाही, म्हणजे पनीरही गेलं. उरली आमटी आणि शेवग्याच्या शेंगा. वाटीभर भात चिवडून उठायच्या. भांडणात मला एक शब्द ऐकवायचा सोडत नाहीत, पण त्या अर्धपोटी उठल्या की माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. माया आहे, काय करणार!

मग मी मोबाइल धरला. मासळी नाही, अंडं नाही, दूध नाही, अशा स्वयंपाकाला तिथे व्हीगन म्हणतात. पहिल्यांदा थायलंडची आमटी केली. नारळाचं दूध, आलं, गवती चहा, भोपळा. एक पातेलं आणि वीस मिनिटं. सासूबाई चाखून म्हणाल्या, "आपलीच आमटी हाय, त्यात चहाची पात कशाला टाकलीस?" पण भात दोनदा घेतला. नूडल्समध्ये दाण्याचं कूट आणि सोया सॉस घातला, तर "गांडुळं शिजवलीस काय गो?" म्हणत ताट पुसून खाल्लं. मला हुरूप आला.

जपानकडे समुद्रातलं शेवाळ वाळवून त्याचे पातळ कागद करतात. आमच्या रोह्यात कुठे मिळायला! ऑनलाइन मागवले. टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, त्याच्या वड्यांना तिखट, हळद, सोया सॉस चोपडून त्या शेवाळात गुंडाळल्या आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत केल्या. घरभर थेट तळलेल्या मासळीसारखा वास सुटला! आणि मी शहाणी, मजा बघायची म्हणून सासूबाईंना काहीच सांगितलं नाही.

पहिल्या घासालाच त्यांचे डोळे मिटले. चेहरा इतका सुखावला की मला हसू फुटलं. दुसऱ्या क्षणी त्यांनी घास थुंकला, पण निम्मा पोटात गेला होता.

"ही मासळी हाय! माझा नवस मोडलास गो!"

"अहो आई, शेवाळ आहे ते, आत सोयाबीन आहे!" मी पाकीट नाचवलं.

"पाण्यातलंच ना? पोराला काय झालं तर? आधी त्याला फोन लाव."

नवरा पहिल्या शिफ्टला होता. कंपनीत फोन गेटवरच ठेवून घेतात. रिंग वाजत राहिली. सासूबाई उंबऱ्यावर जाऊन बसल्या, पाणीसुद्धा घेईनात. माझं माहेर जोह्याचं, मूर्ती करणाऱ्यांच्या गावचं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा! वर मलाच राग आला. माझ्या शब्दावर एवढाही विश्वास नाही? भांडी आपटत घासली.

साडेतीनला कंपनीची बस येते. पावणेचार झाले, चार झाले. खोटं कशाला बोलू, चारनंतर मीही तीनदा फोन लावला. ते शेवाळ आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी खिडकीतून रस्ता बघत राहिले.

सव्वाचारला तो चालत आला. बस पंक्चर झाली होती आणि फोन गेटवरच विसरला होता म्हणे. सासूबाईंनी त्याला उंबऱ्यातच थांबवून डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणेवरून हात फिरवला. मी सगळं सांगितलं. त्याने गार झालेली एक वडी तोंडात टाकली आणि हसत सुटला. "आई, सोयाबीन आहे गं! शेवाळ म्हणजे पाल्यासारखंच, त्याला कुठे जीव असतो मासळीसारखा?"

माझं पटलं नव्हतं, लेकाचं लगेच पटलं. असू दे. सासूबाई ताटावर बसल्या आणि सकाळपासूनची भूक काढल्यासारख्या तीन वड्या खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसलंही नाही.

ते बघून नवरा त्यांच्याजवळ खाली बसला. "आई, बास झाला तो नवस. मी ठणठणीत आहे आता. उद्या बोंबील आणतो, खा पोटभर."

"ठणठणीत हायस," त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर नाय खात."