फुटबॉलच्या मैदानावरचा मामा

मी भांडणात हरत नाही, हे आमच्या कामरगावात स्टँडवरच्या पानवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ही गोष्ट दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते. नातीच्या बाजूने लढायला गेले आणि तिची नोकरी माझ्याच तोंडाने घालवायला बसले. हसायचं तिथे हसा, पण चहा सांडू नका, चादर कालच धुतली आहे.

शाळेची पायरी मी चढले नाही. वाचायला शिकले ती पोरंबाळं झाल्यावर, किराणा बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांवरून. त्यामुळे कितीतरी बातम्यांचे शेवट मला आजही माहीत नाहीत. पण कोणाचं गपगुमान ऐकून घ्यायची सवय तेव्हाच सुटली, ती सुटलीच.

माझी नात प्रज्ञा. शाळेपासून फुटबॉलचं वेड. गुडघा दुखावला, खेळणं सुटलं, पण फुटबॉल काही सुटला नाही. मुंबईच्या अलीकडे एक भलंमोठं फुटबॉल स्टेडियम आहे, तिथे तिला काम मिळालं. काम काय, तर आलेल्या लोकांना ते स्टेडियम आतून फिरवून दाखवायचं. म्हणजे सामना नसतो त्या दिवशी लोक तिकीट काढून रिकामं स्टेडियम पाहायला येतात. मला हे बरेच दिवस पटलं नव्हतं. लग्न नसताना नुसता मांडव पाहायला कोणी जातं का?

तिचा बाप मधुकर, म्हणजे माझा मुलगा, तिच्या लग्नाच्या मागे लागलेला. आसेगावचं एक स्थळ त्याच्या मनात भरलं होतं. पोरीने सांगितलं, माझी नोकरी पक्की झाली आहे, आता दोन वर्षं लग्नाचा विषय नको. मधुकर तोंडदेखलं हो म्हणाला. आणि मी तिच्याकडे जायला निघाले, तर कारंज्याच्या जीपमध्ये माझी पिशवी ठेवता ठेवता हळूच म्हणतो, "माय, त्या आसेगावच्या पोराचा मामा तिकडंच रायते. एखांद्या दिवशी तिच्या कामावर जाऊन गुपचूप पाहून येईन म्हंते. प्रज्ञाले सांगू नको."

"गुपचूप कायले? ती काय बाजारातली कालवड हाय?"

"तू मधात बोलू नको ना माय. तुह्या हातापाया पडतो."

मी बोलले नाही. मी गप्प बसले की काहीतरी होतं, हे त्या पोराला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. कारंज्याहून ट्रॅव्हल्समध्ये बसले तेव्हाच मी ठरवलं होतं. हा मामा माझ्या तावडीत सापडला, तर आल्या पावली आपल्या घरचा रस्ता धरेल अशी व्यवस्था करायची. पोरीच्या मनात नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा मला कामावर घेऊन गेली. वाटेत तिने अर्धा कप चहाही संपवला नाही. गेटजवळ माझ्या गळ्यात पास अडकवला आणि म्हणाली, "आजी, आज तू नुसती पाहुणी. माही आजी हाय म्हणून कोणालेच सांगाचं नाई. आन मधात काई बोलाचं नाई."

"काहून?"

"तसा नियम हाय."

बाप म्हणतो मधात बोलू नको, लेक म्हणते मधात बोलू नको. ह्या घरात मी बोलायचं तरी कधी?

वीस-पंचवीस माणसं जमली आणि आम्ही निघालो. तुम्हाला सांगते, ती पोरगी उलटी चालते. तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे, आणि बोलणं अखंड. माझा जीव खालीवर. पहिल्याच जिन्याशी मी हात पुढे केला, "पायरी हाय, पायरी." तिने डोळे वटारले. मग एक बाबा तिचं ऐकायचं सोडून फोनवर बोलत होता, त्याला मी कोपराने ढोसलं. पुन्हा डोळे वटारले. पाहुणीने एवढंही करू नये?

आणि मग मला तो माणूस दिसला.

पन्नाशीचा. कडक इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा. एकटाच, सगळ्यांच्या मागे. बाकीचे लोक छताकडे पाहून तोंडाचा आ करत होते, हा प्रज्ञाकडे पाहत होता. लोक खुर्च्यांचे फोटो काढत होते, हा तिच्या पावलांकडे पाहत होता. वर आणि म्हणतो, "जरा मोठ्याने बोला. मागे ऐकू येत नाही."

ती मोठ्याने बोलली.

बोगद्यासारख्या एका वाटेतून खेळाडू मैदानात येतात, तिथे गेलो. हा म्हणतो, "दोन्ही संघ कसे येतात, जरा चालून दाखवा."

आणि माझी पोर चालली हो. इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझं डोकं सणकलं. मला पाहायला आले होते तेव्हा असंच गोठ्यापासून विहिरीपर्यंत चालवलं होतं, लंगडते का ते पाहायला. आवाज ऐकायला नाव विचारलं, नजर ठीक आहे का म्हणून सुईत दोरा ओवून घेतला. मान वर करायची नाही अशी ताकीद होती, त्यामुळे नवऱ्याचे मी आधी बूट पाहिले. तेही त्याच्या मित्राचे निघाले.

बस. हाच तो मामा.

कपडे बदलायच्या खोलीत गेलो. ओळीने खुंट्या, खुंट्यांना नंबरांचे सदरे, कोपऱ्यात बर्फ घालून बसायचा टब. मामाने पुन्हा पोरीला हटकलं. "रिकाम्या खोलीत पाहण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर?"

प्रज्ञा म्हणाली, "सर, जिंकलेले टीव्हीवर सगळ्यांना दिसतात. हरलेले इथं येऊन बसतात. ते कुठं बसतात, ते आम्ही दाखवतो."

मामाने मान हलवली. उत्तर फारच चांगलं होतं. आता हा पसंत करून टाकतो.

पुढे मैदानाच्या कडेला गेलो. गवतावर पाय द्यायचा नाही असं सांगून प्रज्ञाने सगळ्यांना खेळाडूंच्या बाकड्यांवर बसू दिलं. बाकडी कसली, ट्रॅव्हल्सच्या सीटपेक्षा मऊ. ती पुढच्या ओळीतल्यांशी बोलत होती तेवढ्यात मी जाऊन मामाच्या शेजारची जागा धरली.

"ओ मामा, सरका जराक."

आमच्याकडे कंडक्टरलाही मामा म्हणतात, त्यामुळे त्याला काही वाटलं नाही. तो सरकला. "या आजी. कुठून आलात?"

"वाशिम जिल्हा. ह्याच पोरीच्या गावची. शेजारीण हाव मी तिची." आजी आहे हे सांगायचं नव्हतं ना, म्हणून शेजारीण झाले.

"अरे वा. मग तुम्ही तिला लहानपणापासून ओळखत असाल." त्याने आवाज खाली आणला. "कशी आहे मुलगी?"

बघा, आला की नाही मुद्द्यावर.

"कशी म्हंजे? दिसते तशी नाई," मी म्हणाले.

"वेळेवर उठते, निघते?"

"नऊ वाजेलोक घोरते. तिच्या आजीनं तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय डोळा उघडत नाई."

त्याने चष्मा सारखा केला. "घेतलेलं काम पुरं करते का?"

"एक स्वेटर विणाले घेतलं होतं. एक बाही झाली, दुसरीचा पत्ता नाई. इतक्या वर्षांत घरात कोणी एका बाहीचं स्वेटर घातलं का, सांगा."

"लोकांशी बोलायला वागायला?"

"भांडकुदळ. गावात कोणी तिच्या तोंडी लागत नाई. दुकानदार तिले पाहून शटर खाली घेते."

"पण इथे तर छान बोलते आहे."

"आज तुमी पाहून राह्यले म्हणून. एरवी कोणाचं ऐकत नाई, आपलंच खरं करते."

तो म्हणाला, "टिकेल असं वाटतं का तुम्हाला?"

"सहा महिने. त्याच्या वर नाई. एक दिवस पिशवी उचलून चालू लागन, तुमी पाहत राहान."

मामाचा चेहरा पार उतरला. मी पदर सारखा केला. आयुष्यात एवढं सफाईने खोटं मी कधी बोलले नव्हते, आणि खरं सांगते, त्या वेळी मला माझाच अभिमान वाटला.

तिथून निघताना प्रज्ञा माझ्याजवळून गेली. ओठ न हलवता म्हणाली, "आजी, काय बोलत होती त्याईच्याशी?"

"मामाशी? काई नाई. तुही वाट मोकळी केली."

"कोणता मामा? ते माहे साहेब हायेत. मले ठेवाचं का काढाचं, ते आजच्या टूरवर ठरवणार हायेत."

"तुही नोकरी तं पक्की झाली होती ना?"

"बाबानं लग्नाचं काढू नये म्हणून तसं सांगतलं होतं. आज पास झाली तं पक्की, नाई तं आसेगाव." आणि पुन्हा तोंड वळवून, उलटी चालत, हसत, लोकांना सांगू लागली, "आता आपण पत्रकारांच्या खोलीत जाऊ."

त्या एवढ्या मोठ्या स्टेडियमात मला लपायला जागा दिसेना.

पत्रकारांच्या खोलीत समोर टेबल, टेबलावर माइक, आणि पुढे खुर्च्यांच्या ओळी. सामना झाला की संघाचा मुख्य कोच तिथे बसून उत्तरं देतो. प्रज्ञा म्हणाली, "इथं बसून कोणाला फोटो काढायचा असेल तर..." तिचं वाक्य संपायच्या आत मी जाऊन बसले. फोटोसाठी नाही.

"हे चालू हाय का?" मी विचारलं. माझा आवाज चारी भिंतींतून परत आला. चालू होतं.

"मी शेजारीण नाई," मी म्हणाले. "मी ह्या पोरीची सख्खी आजी. मघानी बाकड्यावर सांगतलं ते सगळं खोटं हाय."

प्रज्ञाने डोळे मिटले. साहेब पहिल्या ओळीत बसले होते. त्यांनी पत्रकारासारखा हात वर केला. "सगळं म्हणजे काय काय, आजी? एकेक करून घेऊ. नऊपर्यंत घोरते म्हणालात."

"पाचले उठते. घोरणारी तं मी."

"स्वेटर?"

"स्वेटर माहं हाय. दुसरी बाही मीच नाई केली."

"दुकानदार शटर खाली घेतो तो कोणाला पाहून?"

मागचे लोक आता हसायला लागले होते. "मलेच पाहून," मी म्हणाले. "पण तो तोलात मारते."

"आणि कोणाचं ऐकत नाही, आपलंच खरं करते?"

मी माइक जरा लांब सरकवला. शेवटी कोपऱ्यातून प्रज्ञाच म्हणाली, "तेही तीच, सर."

त्या फोनवाल्या बाबाने टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "तुम्ही आजी आहात हे मला पहिल्या जिन्यावरच कळलं होतं. फक्त स्वतःच्या नातीची एवढी बदनामी का चालवली आहे, ते समजत नव्हतं."

"मले वाटलं तुमी आसेगावच्या पोराचे मामा. तिले आत्ता लगन नाई कराचं. म्हणलं, आयकून पळून जासान."

"आणि तिला करायचं असतं तर?"

"तं ह्याच माइकवर तुमच्यापुढं तिचं गुणगान गायलं असतं. मले कोणी इचारलं नोतं, साहेब. तिले तरी इचारावं, एवढंच हाय माहं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग उठून प्रज्ञाजवळ गेले आणि म्हणाले, "बाकड्यावर बदनामी, आता माइकवर कबुली. एवढ्यात तुमचा सूर एकदाही सुटला नाही. रोजचे पाहुणे तुम्हाला काय जड जाणार? सोमवारपासून तुम्ही कायम."

ती माझ्याकडे आली. मला वाटलं आता ओरडते. तिने फक्त माइक बंद केला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून तिथेच हसत बसली.

आता ती रोजच्या टूरमध्ये पत्रकारांच्या खोलीत पोचली की हा किस्सा लोकांना सांगते. मी माइकसमोर रडले असं त्यात घालते. ते साफ खोटं आहे, आणि मी हे सांगायला बसले त्यातलं अर्धं कारण तेवढंच आहे.

उरलेलं अर्धं कारण ऐका. आसेगावच्या पोराचा खरा मामा पुढे एकदा खरंच तिकडे गेला. रीतसर तिकीट काढून, गुपचूप. सगळं स्टेडियम फिरला, पत्रकारांच्या खोलीत इतरांबरोबर पोट धरून हसला, आणि घरी जाऊन मधुकरला फोन केला. इकडे कामरगावात मधुकर फोन हातात घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"काय म्हंते?" मी विचारलं.

"पोरगी लई पसंत हाय म्हंते."

"मंग?"

"पण म्हंते, घरात अशी आजी असन तं आपल्याले नाई जमत."

तर असं झालं. पोरीची नोकरी आहे, लग्नाचा विषय तिच्या मनाप्रमाणे बंद आहे, आणि सगळीकडे आनंदीआनंद आहे. फक्त नातीच्या स्थळाने नापसंत केलं ते मला. तेही न पाहता, नुसतं ऐकून.