तापलेली हवा आणि आमचे साडू

लाजेच्या बाबतीत आमच्या साडूंनी सगळा संसार माझ्या जिवावर केला. चारचौघांत काहीतरी करून ठेवायचं त्यांनी आणि कानकोंडं व्हायचं मी, ही वाटणी माझ्या लग्नातच पक्की झाली. पंगत मांडून तयार, भाताचा पत्ता नाही, म्हणून सासरे मला घेऊन आचाऱ्याकडे गेले. तिथं धोतर-कोट घातलेले एक गृहस्थ चुलाणासमोर उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात लांब काचेचा थर्मामीटर होता आणि ते आचाऱ्याला समजावत होते, "अहो, तुमची चूल शेजारच्या चुलीची तापलेली हवा ओढतेय. जाळ धरणार कसा? हिचं तोंड फिरवा." आचाऱ्याच्या हातात झारा होता आणि तो कशासाठी उचलला होता हे स्पष्ट दिसत होतं. सासरे हळूच म्हणाले, "हे तुमचे थोरले साडू." मी मुंडावळ्यांसकट वाकून नमस्कार केला. नवरदेव लाजाळू आहे असं बायकांत नंतर बरंच बोललं गेलं.

साडू पिंपरीतल्या एका ट्रकच्या कारखान्यात, इंजिनांची चाचणी घेणाऱ्या खात्यात होते. इंजिन किती डिझेल खातं हे सगळं जग बघतं, पण ते हवा कसली पितं हे कोणी बघत नाही, हे त्यांचं जन्माचं दुःख. मी चिंचवडला शाळेत शिकवायचो, म्हणून ते मला मास्तर म्हणत आणि मास्तरांना समजलं म्हणजे जगाला समजलं, असं धरून चालत. माझ्या स्कूटरवर मागे बसले की चढावर वाकून इंजिनाशी हात नेत आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "मास्तर, गरम हवा पितेय ही. बिचारीला धाप लागलीय." सासरे तापानं फणफणले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात थर्मामीटर ठेवला. साडूंनी लगेच आपला काढून सासऱ्यांच्या नाकापुढे धरला. "तुमचा आतला ताप सांगतो. आत जाणाऱ्या हवेचं काय?" पुढच्या वेळी डॉक्टरांनी स्वतः न येता कंपाउंडरला पाठवलं. कॉलनीच्या भजनात तर साडूंनी ऐन अभंगात पेटीवाल्याचा हात धरला. पेटीचा भाता समईवरची हवा ओढतोय म्हणून सूर उतरलाय, असं त्यांचं निदान होतं. समई हलवली. सूर होता तिथंच राहिला, कारण तो पेटीवाल्याचा जन्मजात होता. "आता किती फरक पडला बघा," असं साडू माझ्याकडे वळून म्हणाले आणि सगळं भजनी मंडळ माझ्याकडे बघायला लागलं.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास त्यांच्या खात्यात टर्बोचं इंजिन चाचणीला आलं आणि होतं नव्हतं तेवढं भानही गेलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर गरगरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, तर ताकद जास्त. पण दाबली की हवा तापते, तापली की विरळ होते, आणि फारच तापली तर इंजिनाचे पिस्टन वितळतात. हे मला पाठ आहे, कारण हे मी बारशात, मयतीत आणि दाढी करून घेताना ऐकलं आहे. साडूंनी पुण्याच्या जुन्या बाजारातून ताप मोजायचं एक नवं यंत्र आणलं. एका टोकाला बोटाएवढा धातूचा फुगा, त्याला लांबलचक तांब्याची नळी, दुसऱ्या टोकाला घड्याळासारखी तबकडी. फुगा टर्बोकडून इंजिनात जाणाऱ्या पाइपात सोडायचा आणि तबकडी केबिनमध्ये घेऊन बसायचं. तबकडीवर त्यांनी स्वतः लाल रेघ ओढली होती. काटा रेघेच्या पलीकडे गेला की गाडी थांबलीच पाहिजे, हा नियम.

त्याच सुमारास त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, सुमनचं, लग्न जमत आलं होतं. चाकणचं स्थळ, जुनं शेतकरी घराणं, आता मालवाहतुकीचा धंदा. त्यांना मुलगी पसंत होती, आम्ही रीतीप्रमाणे घर बघायला गेलो की सुपारी फुटायचीच बाकी होती. निघताना मेहुणीनं मला बाजूला घेऊन बजावलं, "भाऊजी, ह्यांच्याकडे लक्ष ठेवा. माझ्या पोरीचा प्रश्न आहे." मी शब्द दिला. पण घर बघून झालं, चहा झाला आणि मुलाचे वडील अभिमानानं म्हणाले, "पाव्हणं, गाडीला टर्बो बसवून घेतलाय. बघता का?"

साडू पिशवी घेऊनच आले होते. लग्नाच्या बोलणीला हा माणूस तांब्याची नळी घेऊन आला होता, हे मला तेव्हा कळलं.

गाडीत नाशिककडे जायचा माल भरलेला होताच. "चला, खेडचा घाट चढवून दावतो, वरनं यष्टीनं माघारी या," मुलाचे वडील म्हणाले. साडूंनी पाइपावरचं एक बूच काढून घाईघाईनं फुगा आत सोडला. मुलाचे वडील चाकावर, मधे साडू तबकडी मांडीवर घेऊन, कडेला मी, आणि नवरदेव व्हायचा मुलगा पांढरी इस्त्रीची पँट घालून मागे मालावर. घाट लागला. काटा चढू लागला.

"रेघ ओलांडली. थांबवा," साडू म्हणाले.

"पाव्हणं, भरली गाडी घाटात थांबवत न्हाईत. वर गेल्यावं बघू."

"वर जाईपर्यंत पिस्टन राहायचा नाही."

आणि मी हात धरायच्या आत साडूंनी इंजिन बंद करायची खुंटी ओढली. परक्याच्या गाडीची, चढावर, होणाऱ्या व्याह्याच्या गुडघ्यापाशी हात घालून. गाडीनं आचका दिला. व्याह्यांनी दात-ओठ खाऊन ब्रेक धरला, मुलगा उडी मारून उतरला आणि पांढऱ्या पँटीनिशी मागच्या चाकाखाली दगड सरकवू लागला. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या. ड्रायव्हर लोक खाली उतरून आमच्या कुळाचा उद्धार करू लागले, आणि साडू त्यांनाच तापलेल्या हवेबद्दल सांगू लागले. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून मी चेहऱ्यावर रुमाल धरला. शाळेतल्या एका मुलाचे पालक मागच्या गाडीत होते, हे सोमवारी कळलं.

बॉनेट उघडलं. साडू आत वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. हवा मोजायची तर फुगा पाइपात मधोमध, अधांतरी राहायला हवा, हे ते खात्यातल्या नव्या पोरांना रोज बजावत. इथं घाईत तो तिरका जाऊन पाइपाच्या तापल्या लोखंडाला टेकला होता. दुसरा कोणी असता तर गुपचूप बूच लावून मोकळा झाला असता. साडू सरळ उभे राहिले आणि सगळ्या ड्रायव्हर मंडळींसमोर म्हणाले, "हवा ठीक आहे. मी लोखंडाचा ताप मोजत बसलो. चूक माझी."

"व्हतं असं," मुलाचे वडील म्हणाले. पण घाटमाथ्यावर आम्हाला उतरवताना त्यांनी गाडी नीट थांबवलीसुद्धा नाही. आठवड्यानं मध्यस्थाकडून निरोप आला, पोर गुणाची हाय, पर सोयरीक मान्सं बघून करायची असती.

त्या दिवसापासून साडू बदलले. नळी गुंडाळून माळ्यावर गेली. भजनात ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसत, स्कूटरवर मुकाट्यानं मागे बसत. माझी बायको म्हणाली, "भाऊजी सुधारले हो." मीही सुटकेचा निःश्वास टाकला. इतकी वर्षं मी देवाकडे हेच तर मागत होतो.

वर्षभरानं भोसरीची मंडळी सुमनला बघायला आली. मुलगा टर्नर, बरोबर आई आणि एक हौशी मामा. साडू कोटाची सगळी बटणं लावून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मामांनी विचारलं, "तुमच्या कंपनीत टर्बोची गाडी होणार म्हणे? काय भानगड असते हो ती?"

साडू म्हणाले, "असेल. मला त्यातलं फारसं कळत नाही."

मी मान वर करू शकलो नाही. आजवर त्यांच्या पायी माझी खूप शोभा झाली होती, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. जन्मभर ज्या एका गोष्टीवर त्यांचा जीव होता, ती त्यांनी पोरीसाठी परक्यासारखी झटकून टाकली, आणि आम्ही घरची सगळी माणसं ते ऐकून समाधानानं पोहे खात होतो.

मुलाच्या आईनं सुमनला विचारलं, "तुला काही विचारायचंय का गं?"

"विचारायचं नाही, सांगायचंय," सुमन म्हणाली. "बाबा आत्ता खरं बोलले नाहीत. त्यांना त्यातलं सगळं कळतं. एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. चाकणच्या पाहुण्यांची गाडी त्यांनी भर घाटात बंद केली होती, आणि चूक बाबांचीच होती. असे वडील चालणार असतील तर बघा. नंतर फसवलं म्हणू नका."

मेहुणीनं कपाळाला हात लावला. साडू पुटपुटले, "गप गं." मुलगा मात्र हसला, आणि मामा पुढे सरकून म्हणाले, "घाटात? मग सांगाच की राव."

साडूंनी मामांकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलू का, असं विचारल्यासारखं.

"सांगा ना, भाऊ," मी कसंबसं म्हणालो.

सोयरीक जमली. सुमन भोसरीत सुखात आहे आणि मामा दर दिवाळीला टर्बोचा विषय मुद्दाम काढतात. साडूही बोलतात, नाही असं नाही. पण रंगात आले की मध्येच थांबतात आणि माझ्याकडे बघून विचारतात, "कंटाळा नाही ना आला, मास्तर?" मी नाही म्हणतो, अगदी जोरात म्हणतो. तरी ते थोडक्यात आवरतात.