धूर मारणारी नेरेइदा

डासांचा धूर मारायला येणारी माणसं दारात एवढंच विचारतात, घरात किती जण? नेरेइदा विचारते, “घरात जीव कोणकोणते?” मग पोपटाचा पिंजरा अंगणात जातो, कासव टोपलीत बसतं, माशांच्या टाकीवर ओली चादर पडते आणि मगच तिच्या खांद्यावरचं यंत्र घुरघुरू लागतं. कामाग्वे शहरातल्या त्या गल्लीत तिच्या शब्दावर दारं उघडतात.

“नेरेइदाला पाहून डास पळतात,” शेजारची तेओफिला म्हणायची. “नवरा तर आधीच पळाला.”

“डास निदान परत येतात. त्याला ती सोय ठेवली नाही मी.”

एकच दार बंद असे. म्हातारा लिबोरिओ न्हावी आणि त्याची तांबूस मासोळी, कनेला. मागे कुणी न विचारता धूर मारून गेलं, तेव्हा कनेलाची जोडीदारीण मेली होती. यंदा गल्लीत डेंग्यू शिरला, तशी नेरेइदा त्याच्या पायरीवर ठाण मांडून बसली.

“काका, कनेलाला काही होणार नाही. माझा शब्द.”

त्याने दार उघडलं.

धूर ओसरल्यावर चादर काढली, तर कनेला तळाशी पडलेली. पर मिटलेले, कल्ले धापा टाकत होते आणि हवेचा पंप मात्र मजेत बुडबुडे सोडत होता. धूर सुरू केला तेव्हा वीज गेलेली होती, म्हणून पंपाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. मध्येच वीज आली आणि पंपाने खोलीतला धूर ओढून पाण्यात सोडला.

“मूठभर मीठ टाक,” धावत आलेली तेओफिला म्हणाली. “नाहीतर सगळं पाणी ओतून दे.”

“एकदम बदललं तर त्या धक्क्यानेच जाईल.”

नेरेइदाने पंप बंद केला, यंत्र सोबत आलेल्या सहकाऱ्याकडे दिलं आणि टाकी अंगणातल्या मोकळ्या हवेत आणवली. नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून तिने झाकलेल्या रांजणातलं पावसाचं पाणी बादलीत काढलं, टाकीतल्या पाण्याइतकं कोमट होईपर्यंत उन्हात ठेवलं. मग मगभर काढायचं, मगभर घालायचं, तेही उंचावरून, म्हणजे हवा मिसळते. खांदा भरून आला तरी तिचा हात थांबला नाही.

“तुझा शब्द,” लिबोरिओ एवढंच म्हणाला.

“चूक माझी, काका. चादर पाहिली, पंपाचं बटण नाही पाहिलं.”

“कबूल कशाला करतेस?” तेओफिला कुजबुजली. “उद्या गल्लीत एक दार उघडणार नाही.”

“न उघडो. आपण घरात काय सोडतो, ते लोकांना कळायला नको?”

उन्हं कलली तेव्हा कनेलाने पर उघडले, तिरकी तिरकी अर्धी टाकी पोहली आणि पुन्हा तळाशी बसली.

“वाचेल?” लिबोरिओने विचारलं.

“माहीत नाही. आज खायला घालू नका, औषधही नको. अंधारात शांत राहू दे. सकाळी येते.”

सकाळी ती आली तेव्हा कनेला वर येऊन काचेला तोंड लावत होती. लिबोरिओ मात्र घरात नव्हता. गल्लीत धूर अजून अर्ध्याच घरांत झाला होता. उरलेल्या घरांपैकी तेओफिलाच्या दारात तो काठी टेकून उभा होता.

“तुझ्या माशांच्या टाकीच्या पंपाचं बटण बंद केलंस का? नेरेइदा येतेय.”

“वीजच नाहीये, काका.”

“नाही, म्हणूनच बंद कर.”